पाकिटातली पऱ्हाटी

आमच्या घरात कुणाचं वय काढायचं तर सन लागत नसे, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, वाण लागे. मोठी ताई एच-४ च्या भराच्या काळातली. मधला भाऊ एलआरए आली त्या सुमाराचा. मी आणि काकांची दोघं नांदेड-४४ च्या वेळची, धाकटी चुलत बहीण रजतची. पुतण्या मात्र बीटीचा, आणि त्याला हे सांगितलं की तो हसतो. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यातल्या आमच्या वयाच्या माणसांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. पोरीचं लग्न, विहिरीचं खोदकाम, कॉलेजची फी, सगळं कापसाच्या चुकाऱ्यावर अडलेलं असे. मग साल लक्षात राहायचं ते कापसाच्याच नावानं.

बीटी कापसाबद्दल वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. त्यात शेतकरी एकतर फसलेला असतो, नाहीतर विज्ञानाचा झेंडा घेऊन पुढे निघालेला. आमच्या ओट्यावर यांपैकी कोणीच बसलेलं मी पाहिलं नाही. तिथे बसत ते बाबा, काका आणि आतून सगळं ऐकत असलेली आजी.

आजी देशी कापसाच्या काळात या घरात आली. दुसऱ्या वेच्यातली टपोरी, अळी न लागलेली बोंडं ती बाजूला काढायला लावी आणि त्यांची सरकी गाडग्यात भरून माळ्यावर ठेवी. मृगाच्या तोंडावर ती सरकी खाली येई. शेण-मातीच्या राडीत घोळून ती उन्हात पसरायची, म्हणजे वरची लव बसते आणि दाणे एकमेकांना धरत नाहीत. हे काम आम्हा पोरांचं. कोपरापर्यंत शेण, त्यात सरकी चोळताना तळहाताला होणारी खरखर, आणि मधूनच आजीचं ओरडणं, की फार चोळू नका, डोळा मोडेल. मग शेतात दोरी धरून, एकेका जागी दोन-तीन दाणे टोबत जायचं.

आता स्मरणरंजनाच्या भरात असं म्हणायची सोय आहे, की हे सुंदर घरचं बियाणं बीटीनं संपवलं. तसं झालेलं नाही. ते एच-४ नंच संपत आणलं होतं. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये हा वाण काढला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला जगातला तो पहिला संकरित कापूस. त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली की शेतात एक झाड कमरेला, दुसरं गुडघ्याला, एकाची बोंडं गोल, दुसऱ्याची लांबट. आजी बांधावर उभी राहून म्हणायची, "पाह्य, एका मायची लेकरं वाटतच नाही हे." तेव्हापासून बियाण्याची पिशवी दुकानातून यायला लागली आणि माळ्यावरच्या गाडग्यात तुरीची डाळ गेली. एलआरए, रजत हे सरळ वाण मधूनमधून पेरले जात, त्यांची सरकी ठेवता येई. पण ठेवणारी माणसं कमी होत गेली होती. दुकानाची वाट बीटी यायच्या तीस वर्षं आधी पडली होती.

माल विकण्याची वाट मात्र एकच होती. १९७२ पासून राज्यात एकाधिकार खरेदी. कापूस सरकारच्या केंद्रावरच द्यायचा. केंद्राबाहेर बंड्यांची रांग, बंडीखाली झोपणं, ग्रेडरसमोर हात जोडून उभं राहणं आणि मग चुकाऱ्याची वाट पाहणं, तेही हप्त्याहप्त्यानं. पलीकडे आंध्रात भाव चढला की पैनगंगेच्या काठची गावं रात्रीची जागी होत. आदिलाबादला कापूस नेणं गुन्हा होता, आणि त्यात लाज वाटावी असं काही आहे असं आमच्या मामांच्या गावात कुणाला वाटत नसे. कायद्याची आणि कापसाची अशी जुनीच गंमत आहे. ती पुढे पुन्हा येईल.

खरं लिहायचं आहे ते फवारणीबद्दल.

नव्वदच्या दशकात हिरवी बोंडअळी काही केल्या मरेनाशी झाली. सुरुवातीला सायपरमेथ्रीन एकदा मारलं की महिनाभर बिनघोर. मग पंधरा दिवसांनी, मग आठवड्यानं. अळी त्याला सरावली. मग मोनोक्रोटोफॉस, एंडोसल्फान, क्विनॉलफॉस, आणि शेवटी दुकानदार सांगेल ते दोन-तीन एकत्र. बाबा फवारणीचे कपडे गोठ्याच्या खुंटीवर वेगळे ठेवत. एक जुनी पूर्ण बाह्यांची सदरा-पँट, कडक झालेली, तिच्या शिवणीत पिवळसर रेषा. फवारणीच्या दिवशी ते घरात शिरायच्या आधी मागच्या दारी आंघोळ करत, तरी रात्री जेवताना त्यांच्या हाताला तो वास असे. भाकरी ते डाव्या हातानं मोडत. डोकं दुखतं म्हणून रुमाल करकचून बांधत आणि लवकर झोपत. आम्हाला बांधाच्या अलीकडे थांबायची ताकीद होती. आमचं काम सकाळी, फवारणीच्या आधी. हातात रॉकेलमिश्रित पाण्याचा डबा घेऊन तासातासानं फिरायचं, बोंडात तोंड खुपसून बसलेली अळी चिमटीत धरून डब्यात टाकायची. अर्धी अळी आत, अर्धी बाहेर. शेपटाकडून ओढली तर तुटते, हे शाळेत न शिकवता आलेलं ज्ञान. डबा भरला की काका बघत आणि म्हणत, एवढ्या आपण धरल्या, तर आत किती असतील?

बीटीची कीर्ती आधी कानावर आली ती गुजरातेतून. २००१ साली तिकडे नवभारत-१५१ नावाच्या वाणात बीटीचं जनुक सापडलं, परवानगी नसताना हजारो एकरांवर ते उभं होतं. सरकारनं ती पऱ्हाटी जाळायचे हुकूम काढले. आमच्याकडे बातमीचा अर्थ वेगळाच लावला गेला. काका म्हणाले, जे जाळायला सरकार एवढं धावतं, त्यात काहीतरी असणार. पुढच्या वर्षी, २६ मार्च २००२ ला, दिल्लीच्या समितीनं जालन्याच्या महिकोच्या तीन वाणांना परवानगी दिली. मेक-१२, मेक-१६२, मेक-१८४. जनुकाची मालकी अमेरिकेतल्या मोन्सँटोची, बियाणं जालन्याचं. एकरभर पेऱ्याचं ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या घरात. त्याच वेळी साधं संकरित बियाणं तीन-चारशेत मिळत होतं.

"सोळाशे? इतक्यात बकरी येते बाप्पा," काकू म्हणाली होती. बाबा गप्प होते. मग त्यांनी विचारलेला प्रश्न अजून आठवतो. कापूस किती होईल, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते हे, की फवारे किती वाचतात?

आमच्या भागातला बीटीचा सगळा इतिहास मला या प्रश्नात दिसतो. त्यांना जास्तीच्या क्विंटलाचा मोह नव्हता असं नाही, पण आधी त्यांना ती कडक सदरा-पँट खुंटीवरून काढायची नव्हती.

कृषी सहायकानं समजावलं ते असं. जमिनीत एक जिवाणू असतो, त्याच्यातला एक गुण पऱ्हाटीत घातलाय. अळीनं पान खाल्लं की तिच्या पोटात विष सुटतं, आतडं फुटतं, ती खायची थांबते. आजी लगेच म्हणाली, "अळी मरते तं म्हशीले काई होत नाई का?" तिचा प्रश्न ढेपेचा होता, कारण सरकीची ढेप म्हशीच्या पुढ्यात रोज पडे. ते विष अळीच्या अल्कधर्मी आतड्यातच उघडतं, तिथे त्याला धरून ठेवणारी जागा असते, म्हशीच्या पोटात ती नाही, हे उत्तर तिला पटलं की नाही कळायला मार्ग नव्हता. तिनं पहिले काही दिवस म्हशीकडे जरा जास्त लक्ष ठेवलं आणि मग विषय सोडला. ती असंही म्हणाली, की मोनो मारलेल्या पऱ्हाटीची सरकी इतकी वर्षं चाललीच ना.

पहिल्या वर्षी पाऊस नव्हता, निकाल धड कळला नाही. पण २००४-०५ पासून बऱ्याच कंपन्यांनी तेच जनुक घेऊन आपापले वाण बाजारात आणले, बनी, अंकुर-६५१, राशी-२, आणि मग काय ते विचारू नका. कृषी केंद्रापुढे पहाटेपासून रांगा, पोलीस बंदोबस्त, सातबारा दाखवून दोन पाकिटं. हवं ते पाकीट पाहिजे तर नको ते खतही घ्या, त्याला लिंकिंग म्हणत. काळ्या बाजारात दुप्पट भाव. आंध्र सरकारनं मक्तेदारी आयोगाकडे तक्रार नेली आणि २००६ मध्ये पाकीट साडेसातशेवर आलं. त्याच वर्षी दोन जनुकांचं बीजी-२ निघालं. दहा वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी होतं. २००२-०३ मध्ये देशात १३६ लाख गाठी पिकल्या होत्या, २०१३-१४ मध्ये ३९८ लाख. हे सगळं जनुकानं केलं असं मी म्हणणार नाही. त्यात गुजरातचं पाणी आहे, खत आहे, वाढलेला पेरा आहे. आमच्या कोरडवाहू शेतात आकडे कधी एवढे उड्या मारत नव्हते. तरी चार-पाच वर्षं घर हलकं होतं. अळीसाठी फवारा जवळजवळ थांबला. पोरांच्या हातातला रॉकेलचा डबा गेला. बीटीच्या वेळचा आमचा पुतण्या अळी चिमटीत धरल्याशिवायच मोठा झाला.

त्याच काळात आमच्या स्वयंपाकघरातून ज्वारी गेली. हे कुणी ठरवून केलं नाही. आधी कापसात ज्वारीचा एखादा पट्टा असे, तुरीची ओळ असे, कडेला मूग-उडीद. बीटी आणि सोयाबीन यांचं जमल्यावर ज्वारीला जागा राहिली नाही. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. कडबा गेल्यावर बैलजोडी परवडेना, ती विकली आणि डवरणीला भाड्याचे बैल, मग ट्रॅक्टर. काकू सकाळी भाकरी थापे, ती पोळ्या लाटायला लागली, कारण गहू रेशनवर मिळे. आंबील बंद झाली. हुरड्याच्या दिवसांत आम्ही अजून शेतात जमतो, पण हुरडा दुसऱ्याच्या शेतातून विकत आणतो. एवढं सगळं बदललं आणि सीतादही मात्र तसंच राहिलं. वेचणी सुरू करताना पहिल्या झाडापाशी दही-भाताचा नैवेद्य, तो बीटीच्या पऱ्हाटीलाही होतो. काकूला त्यात काही विसंगत वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

आपणच एवढे या पाकिटामागे लागलो, असा गैरसमज आमच्या घरात पुष्कळ दिवस होता. पुढे वाचनात आलं ते वेगळं. अमेरिकेत बीटी कापूस १९९६ मध्येच शेतात गेला होता, पुढच्या वर्षी चीनमध्ये. ब्राझीलमध्ये तणनाशकाला दाद न देणाऱ्या सोयाबीनला परवानगी नव्हती, तर दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांनी ते शेजारच्या अर्जेंटिनातून चोरून आणलं आणि त्याचं नाव पाडलं मॅराडोना. इतकं पसरलं की शेवटी सरकारलाच कायदा करावा लागला. हे वाचून काका खूश झाले. पैनगंगेच्या काठची आपली माणसं आणि ती, एकाच जातीची, म्हणाले. पाकिस्तानातही परवानगीच्या आधी बीटी कापूस शेतात होता. उलट आफ्रिकेत बुर्किना फासोनं २००८ मध्ये बीटी कापूस घेतला आणि आठ वर्षांत सोडूनही दिला. अळीचं काही बिनसलं नव्हतं, धाग्याची लांबी कमी भरायला लागली आणि त्यांच्या कापसाचा बाजारातला मान गेला. शेतकऱ्याची घेण्याची आणि टाकण्याची कारणं कुठेही अशीच रोकडी असतात. वांग्याच्या बाबतीत आपल्याकडे केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचं ऐकलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशात ते वांगं २०१४ पासून शेतात आहे.

बीटीच्या मोठ्या पाकिटात एक छोटं पाकीट येई, १२० ग्रॅमचं, बिगर-बीटी. ते शेताच्या कडेनं लावायचं. तिथल्या पऱ्हाटीवर साध्या अळ्या जगतील, बीटी पचवलेल्या एखाद-दुसऱ्या अळीचा संकर त्यांच्याशी होईल आणि विषाला दाद न देणारी जात तयार व्हायला वेळ लागेल, असा त्यामागचा विचार. तो उत्तम होता. पण तीन एकरांच्या धन्याला सांगायचं, की कडेच्या ओळी अळीला पोसायला सोड! आमच्या गावात ती पाकिटं कुणी बांधावर फेकली, कुणी नांगी भरायला वापरली. कृषी केंद्राच्या मागे त्यांचा ढीग पडलेला असे. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्या डोळ्यांपुढे शेकडो एकरांची शेतं असावीत.

त्यात फरदड. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायच्या ऐवजी एक पाणी द्यायचं आणि मार्चपर्यंत आणखी एक वेचा काढायचा. हातात चार पैसे येत, सगळेच करत. गुलाबी बोंडअळी जगते ती मुख्यतः कापसावरच, तिला आम्ही बाराही महिने ताट वाढून ठेवलं. गुजरातेत २०१४-१५ पासून ओरड सुरू झाली होती. २०१७ मध्ये ती आमच्याकडे आली. आधी डोमकळ्या दिसल्या, म्हणजे फूल उमलतच नाही, पाकळ्या वरून गुंडाळून गुलाबासारख्या बंद. आत अळी. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं तर आत कवडी. वेचायला आलेल्या बाया ओटीत कापूस कमी आणि शिव्या जास्त घेऊन परत जात, कारण किलोवर मजुरी, आणि कवडी वेचून किलो भरत नाही. अमेरिकेनं २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बीटी तेच होतं, पण त्याच्या जोडीला नपुंसक केलेले पतंग सोडणं, पेरणी-उपटणीच्या तारखा पाळणं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं मिळून केलं. आपल्याकडे पाकीट आलं, बाकीचं आलं नाही.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात पडले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा थेट तोंडावर यायचा. आमच्या गावातला एक जण दहा दिवस दवाखान्यात होता, त्याला अंधुक दिसायचं. तो परतल्यावर बाबा त्याला भेटून आले, काही बोलले नाहीत, गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बीटी आल्यावर फवारणीचे कपडे फेकून दिले होते. २०१७ मध्ये पुन्हा एक जोड त्या खुंटीवर लागला, या वेळी भावाचा.

मग चोरबीटी. तणनाशक मारलं तरी न मरणारी पऱ्हाटी. परवानगी नाही, बिल नाही, पाकिटावर धड नाव नाही, तरी मृगाच्या आधी गावात पोचते. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ती उघड पेरली. पाच वर्षं कैद आणि लाखाचा दंड तेव्हा कायद्यात होता हे माहीत असून पेरली. आमच्या घरी यावर दोन तट आहेत. वहिनी म्हणते, "निंदाले बाया भेटत नाई, अन् भेटल्या तं परवडत नाई." तिचं खरं आहे, निंदणाचा खर्च कापसाच्या भावाला खाऊन टाकतो. पण निंदणावरच ज्यांचे पावसाळ्यातले दोन महिने निघत, त्या बायांपैकी एक आमच्याच वाड्याच्या मागे राहते. तिला मी विचारलं, तर ती म्हणाली, कंबर वाचली, पण किराणा कशातून आणू ते सांगा. तणनाशकाचं पुढे काय होणार हे बोंडअळीनं शिकवलेलं आहे. अमेरिकेत ग्लायफोसेटला न जुमानणारी तणं कधीच उभी राहिली आहेत. माझा कल वहिनीच्या विरुद्ध आहे, आणि निंदायला मी जात नाही, हे ती मला दर वेळी ऐकवते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं. ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या गाठी येणार होत्या, म्हणजे अळी आणि तण दोन्हींवर जनुक बसवलेला कापूस बिनशुल्क बंदरात. पुतण्यानं ही बातमी आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, तिकडचं चोरबीटी जहाजानं येतं ते चालतं, माझं पाकीट पकडतात. तेव्हा बीजी-२ चं पाकीट ९०१ रुपयांना होतं, लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता आणि व्यापारी मागत होता त्याच्या कितीतरी खाली. ताईनं विचारलं, मग पुढच्या वर्षी काय पेरायचं? मधल्या भावानं तूर म्हटलं. पुतण्यानं सघन लागवड, कमी दिवसांचा वाण, डिसेंबरात शेत मोकळं. बाबा ग्रुपवर नाहीत, त्यांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, फवारे किती लागतील ते आधी विचारा त्याला. पुतण्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.